भाड्याने देण्यासाठी पहिलं घर: जळगावला फ्लॅट घ्यावा की पाचोऱ्याच्या घरावर मजला चढवावा?

गिरणाकाठ_पाचोरा

राम राम मंडळी. मी पाचोऱ्याला शिक्षक आहे. काटकसर करून नऊ लाख जमवलेत आणि ते भाडं येईल अशा जागेत घालायचं मनात आहे. जळगावला एक टू बीएचके बघितला, तयार इमारत, किंमत २६ लाख. एजंट म्हणतो, साडेआठ हजार भाडं कुठं गेलं नाही, भाड्यातच हप्ता निघून जाईल, वर सरकारी योजनेचं व्याज अनुदानही मिळेल. मुलगी पुढे शिकायला जळगावला जाईल, तेव्हा घर कामाला येईल असं बायकोचं मत.

वडील म्हणतात, फ्लॅट नको, बायपासला प्लॉट घेऊन टाक. तिसरा पर्याय म्हणजे पाचोऱ्याचं आमचं घर. ते एकमजली आहे, वर एक मजला चढवून भाड्याने देता येईल. यातलं मला काहीच कळत नाही. बँक कर्ज किती देते, भाड्यात खरंच हप्ता निघतो का, भाडेकरू कसा सांभाळायचा, अगदी पहिल्या पायरीपासून सांगा.

जंक्शन_काका

भाऊ, मी रेल्वेतून निवृत्त झालो, भुसावळला राहतो. वडिलांच्या वेळच्या खोल्या आणि नंतर बांधलेले दोन ब्लॉक भाड्याने देतो, त्यावरून लिहितो. भाडं साडेआठ हजारच येईल असं धरून हिशोब कागदावर मांडू.

२६ लाखांच्या घराला महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, म्हणजे १ लाख ५६ हजार. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. तुला २६ हजार पडेल. पंखे, गिझर, जाळीचे दरवाजे, रंग, टाकी असं धरून आणखी लाखभर. म्हणजे घर तुला २६ ला नाही, २८ लाख ८२ हजारांना पडलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत बँक देऊ शकते. पण मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत, तो खिशातूनच. आणि देऊ शकते म्हणजे देतेच असं नाही, बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस घर किती लाखांचं धरतो त्यावर सगळं. तुझे नऊ लाख यात पूर्ण संपतात आणि २० लाखांचं कर्ज डोक्यावर राहतं.

२० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरला तर हप्ता १७,३५६ रुपये. भाडं त्याच्या निम्मं. 'भाड्यात हप्ता निघतो' हे वाक्य तिथेच संपलं.

आता भाडंही पूर्ण हातात येत नाही. वर्षात एक महिना घर रिकामं राहणार असं धरूनच चाल. अकरा महिन्यांचे ९३,५००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी मिळून वीस हजार, नळ, मोटर, रंगरंगोटीला आठ-साडेआठ हजार. उरले ६५ हजार. २८ लाख ८२ हजारांवर ६५ हजार म्हणजे वर्षाला सव्वादोन टक्के. कर्जावर साडेआठ टक्के देऊन सव्वादोन टक्के मिळवायचे आणि महिन्याला बारा हजार पगारातून भरायचे, वीस वर्षं. त्या वीस वर्षांत २० लाखांवर साडेएकवीस लाखांहून जास्त व्याज जातं.

मी उलटा हिशोब करतो. आधी त्या गल्लीतलं खरं भाडं काढायचं. एजंटाला विचारायचं नाही, शेजारच्या तीन-चार भाडेकरूंना विचारायचं. त्यातून खर्च वजा करायचा आणि जे उरतं त्यावर निदान चार टक्के सुटतील अशी किंमत काढायची. ६५ हजारांना चार टक्क्याने सव्वासोळा लाख येतात. त्याच्या वर जे देशील ते भाव वाढेल या भरवशावर दिलेले पैसे. भाव वाढतही असेल, पण तो पैसा घर विकल्याशिवाय हातात येत नाही आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.

आपल्या खानदेशात जागेची किंमत वाढली तसं भाडं वाढलेलं नाही. इथे भाडेकरू पगारदार लहान माणूस आहे, तो सहा हजारांचं आठ हजार करायला गेलं की घर बदलतो. म्हणून इथे जागा विकत घेऊन भाड्याने देणं जड जातं आणि जागा आधीच आपली असेल तर तेच भाडं गोड लागतं. तुझा तिसरा पर्याय मला म्हणून आवडला.

वरच्या मजल्यावर ६०० चौरस फुटांचा एक स्वतंत्र ब्लॉक, बांधकाम १,६०० रुपये फुटाने धरलं तर ९ लाख ६० हजार. पाचोऱ्यात भाडं सहा हजार धरू. अकरा महिन्यांचे ६६ हजार, वाढीव घरपट्टी आणि दुरुस्तीचे नऊ हजार गेले, उरले ५७ हजार. म्हणजे जवळपास सहा टक्के. स्वतःचे ५ लाख ६० हजार घाल आणि चार लाखांचं कर्ज दहा वर्षांसाठी काढ. हप्ता ४,९६० च्या आसपास. ५७ हजारांचे महिन्याला पावणेपाच हजार होतात. इथे भाड्यात हप्ता जवळजवळ निघतो, आणि तुझे तीन लाख चाळीस हजार हाताशी राहतात ते वेगळेच.

केळीबाग_रावेर

काका, हिशोब पटला, पण मग एवढी उठाठेव कशाला? सरळ बँकेत एफडी करा ना. ना भाडेकरूची कटकट, ना गळती. आणि वडील म्हणतात त्या प्लॉटचं काय? आमच्या भागात केळीचा पैसा आला की लोक पहिलं जळगावला प्लॉट घेतात.

जंक्शन_काका

एफडी वाईट नाही, ज्याला निवांत झोप हवी त्याने ती जरूर करावी. पण एफडीचं व्याज आज जे ठरलं तेच राहतं, भाडं दोन-तीन वर्षांनी थोडं तरी वर सरकतं, आणि वरचा मजला उद्या मुलाबाळांच्या कामाला येतो. एक सांगतो, आणि हे आपल्या जिल्ह्यात सांगायलाच हवं: व्याजदर जास्त दिसला म्हणून पतसंस्थेत सगळी पुंजी ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला माणशी, बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. अडकलेल्या ठेवींच्या पावत्या घेऊन वर्षानुवर्षं चकरा मारणारी म्हातारी माणसं मी रोज बघतो. फार जीव तुटतो.

प्लॉटचं म्हणशील तर प्लॉट भाडं देत नाही. पाच-दहा वर्षं पैसा थांबवायची ताकद असेल त्याने घ्यावा. केळीवाल्याला चालतं, कारण त्याचा पैसा एकदम येतो. पगारदाराने कर्ज काढून रिकामा प्लॉट घेऊ नये. आणि पीककर्ज उचलून प्लॉट घेणं तर अजिबातच नको. ते पैसे शेतात गेले नाहीत तर मार्चमध्ये भरायचे कुठून?

केळीबाग_रावेर

हे बरोबर बोललात. शेतकऱ्याला घरकर्ज मिळताना मात्र फार त्रास होतो. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून बरेच जण विवरणपत्रच भरत नाहीत, आणि बँक पहिली तेच मागते. मग माणूस खासगी फायनान्सकडे जातो आणि दोन-तीन टक्के जास्त मोजतो. ज्यांना पुढे कर्ज काढायचं आहे त्यांनी आतापासून विवरणपत्र भरायला लागा, केळीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या जपून ठेवा आणि पैसा रोखीने न घेता खात्यात घ्या.

गिरणाकाठ_पाचोरा

काका, डोळे उघडले. दोन गोष्टी विचारतो. एजंट म्हणाला ते योजनेचं अनुदान मला मिळेल का? आणि घर वडिलांच्या नावावर आहे, तर कर्ज माझ्या नावावर होईल का? मला दोन बहिणी आहेत, दोघींची लग्नं झालीत.

वकील_अमळनेर

अनुदानाचं आधी. पंतप्रधान आवास योजनेचं व्याज अनुदान ज्या कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नाही त्यांच्यासाठी आहे, तेही उत्पन्नाच्या मर्यादेत आणि राहण्यासाठी. भाड्याने द्यायला घेतलेल्या घरावर ते मागू नका. खोटं प्रतिज्ञापत्र शिक्षकाच्या नोकरीला परवडणारं नाही.

आता नाव. घर वडिलांचं असेल तर तारण तेच देणार, म्हणून बँक त्यांना सहकर्जदार करून घेईल. कर्ज होतं, अडचण येत नाही. अडचण पुढे येते. घर वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून मुलींचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. वडिलांनी स्वतः कमावलेलं असलं तरी मृत्युपत्र नसेल तर बहिणी वारस आहेतच. तुम्ही नऊ लाख खर्चून मजला बांधायचा आणि वीस वर्षांनी त्याचं भाडं कोणाचं यावर भाऊ-बहिणी कोर्टात उभ्या राहायच्या, हे मी फार जवळून बघतो. अमळनेरच्या कोर्टात अशी प्रकरणं कमी नाहीत. बांधायच्या आधी बहिणींना घरी बोलवा आणि पैसा कोणाचा, भाडं कोणाचं, हे स्वच्छ बोला. घर स्वकष्टार्जित असेल आणि सगळ्यांची संमती असेल तर वडील बक्षीसपत्र करू शकतात. राहतं घर मुलाला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागू असेल तो वेगळा. पण वडिलांना हयातभर तिथे राहण्याचा हक्क त्या दस्तात लिहून ठेवा. हे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो, कितीही चांगला मुलगा असला तरी.

ज्यांना फ्लॅट किंवा प्लॉटच घ्यायचा आहे त्यांच्यासाठी एवढंच. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना भिंगातून वाचा. विकास सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क, सगळं तिथे असतं. 'भोगवटादार वर्ग २' दिसलं तर परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट मागा. मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून घ्या, बिल्डरने हातात दिलेला नको. प्रकल्पाची जागा ५०० चौरस मीटरच्या वर आणि सदनिकाही आठच्या वर असतील तर महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडची नोंदणी हवीच. तयार इमारत असेल तर पूर्णत्वाचा दाखला बघा. तो असेल तर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला ५ टक्के, आणि आपल्याकडे ४५ लाखांच्या आतलं, ९० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतचं (भिंतींच्या आतली वापराची जागा) घर असेल तर १ टक्का.

देवपूर_सीमा

मी धुळ्याहून लिहिते. आईचं देवपूरचं घर मी सांभाळते. खाली आई, वर दोन भाडेकरू. हिशोब काकांनी छान सांगितला, मी रोजचं सांगते, कारण घर बांधून झाल्यावर खरं काम सुरू होतं.

आपल्याकडे भाडेकरू दारात उभा राहून पहिला प्रश्न विचारतो: "पाणी किती दिवसाआड येतं?" भाडं नंतर. म्हणून दादा, मजला बांधताना पैसा टाइल्सवर घालू नका, पाण्यावर घाला. जमिनीखाली मोठा हौद, वरच्या ब्लॉकची वेगळी टाकी आणि तिचा वेगळा कॉक. दोन कुटुंबांची टाकी एक असली की उन्हाळ्यात भांडण ठरलेलं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर ते फक्त वापरायला, पिण्याच्या नळाला जोडू नका. गिझर आणि नळ दोन वर्षांत पांढरे होऊन बसतात.

दुसरं ऊन. वरचा मजला म्हणजे थेट स्लॅब. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि रात्रीसुद्धा स्लॅब आग ओकतो. आमच्याकडे वरचा एक ब्लॉक मे महिन्यातच रिकामा व्हायचा. मग गच्चीवर पांढरा उष्णतारोधक थर दिला आणि दोन्ही खोल्यांच्या खिडकीत कूलर बसेल असं लोखंडी स्टँड, त्याच्याशेजारी पंधरा अँपिअरचा प्लग आणि पाण्याची बारीक नळी काढून दिली. आता भाडेकरू उन्हाळ्यात घर सोडत नाही. बांधकाम चालू असतानाच हे केलं तर खर्च किरकोळ येतो.

वीज: महावितरणचं वेगळं मीटर घ्याच. सबमीटर लावून युनिटचे पैसे गोळा करत बसलात की दर महिन्याला वाद.

भाडेकरू निवडताना मी तीन गोष्टी बघते: नोकरी कुठे आहे, आधीच्या घरमालकाचा नंबर, आणि घर सोडण्याचं कारण. आधीच्या घरमालकाला फोन करतेच. आडनाव आणि जात विचारून घर नाकारणं आमच्या घरात चालत नाही. चांगला भाडेकरू आडनावावरून ओळखता येत नाही, आणि माणसाला उंबरठ्यावरून असं परत पाठवणं चुकीचंच आहे.

भाडं पाचशेने कमी करायला लागलं तरी करते, घर रिकामं ठेवत नाही. पाचशेने वर्षाला सहा हजार जातात, एक महिना रिकामा गेला तर साडेआठ. कॉलेजची मुलं ठेवलीत तर भाडं जास्त मिळतं, पण परीक्षा झाली की जूनपर्यंत कुलूप, आणि मोटर जळणं, नळ तुटणं सगळं दुप्पट. पाचोऱ्यात तुम्हाला बँकेतले, महसूलमधले, दवाखान्यातले लोक मिळतील, बदली झाली की जातात आणि जाताना दुसरा आणून देतात.

बहाळचा_बाळू

ताई, करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही ना? आमच्याकडे सगळे शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी करतात.

वकील_अमळनेर

लागते. हा समज महाराष्ट्रात सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठं नुकसान दुसरं: नोंदणीकृत करार नसेल तर भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल ते खरं धरलं जातं, खोडून काढायचं ओझं तुमच्यावर. तो म्हणाला भाडं तीन हजारच ठरलं होतं, तर बसा पुरावे शोधत.

खर्च फार नाही. साडेआठ हजार भाडं, पंचवीस हजार अनामत, अकरा महिने, याला मुद्रांक शुल्क अडीचशे-तीनशे रुपये. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत हजार, ग्रामीण भागात पाचशे, वर किरकोळ हाताळणी शुल्क. घरबसल्या ऑनलाइन होतं, आधार आणि बोटाचा ठसा लागतो. 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे अनुज्ञप्तीचा करार करा, साध्या भाडेपट्ट्याचा नाही. राहत्या जागेचा असा करार संपल्यावर माणूस निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तोवर त्याला दुप्पट रक्कम द्यावी लागते. साधं नोटरीचं कागदपत्र असेल तर दिवाणी दाव्यात वर्षं जातात. आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या.

जंक्शन_काका

कराचंही लिहून टाकतो, म्हणजे गिरणाकाठला एका ठिकाणी मिळेल. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर सरळ ३० टक्के सूट मिळते, त्याला पावत्या लागत नाहीत. त्यानंतर कर्जाचं व्याज वजा. फ्लॅट घेतला असता तर व्याज भाड्याहून जास्त होऊन तोटा दिसला असता. जुन्या करप्रणालीत असा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या प्रणालीत होत नाही. 'घर घे, टॅक्स वाचेल' हा सल्ला देणारा माणूस तू कोणत्या प्रणालीत आहेस ते विचारतच नाही.

बायकोच्या नावावर घेण्याबद्दल: राहत्या घराच्या खरेदीला महिलेच्या नावावर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ती घ्यावी. पण पैसा तुझा असेल तर भाडं कराच्या दृष्टीने तुझंच धरलं जातं.

गिरणाकाठ_पाचोरा

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणींशी बोललो. मोठी म्हणाली, मजल्याचं भाडं तुझं, पण दिवाळीला आणि मे महिन्यात आमची खोली आमची. ते आम्ही लिहूनही ठेवतोय. वडील प्लॉटवरून खाली उतरले, फ्लॅटचा विषय मीच बंद केला. आता शेवटची शंका: घर बांधताना वडिलांनी वरच्या मजल्याचा विचार केला होता असं म्हणतात, पण नकाशा सापडत नाही. गवंडी म्हणतो, काही होत नाही, चढवून टाका.

जंक्शन_काका

गवंड्याच्या शब्दावर चढवू नको. पाचोऱ्याची जमीन काळी, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, पाया किती खोल आहे ते बघितल्याशिवाय एक वीटही नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलव. कोपऱ्यातल्या एका कॉलमशेजारी खड्डा घेऊन तो फूटिंग, म्हणजे कॉलमचा जमिनीतला पाया बघेल, सळईचा अंदाज घेईल. कॉलम नसून भिंतीवरच स्लॅब असेल तर खर्च वाढतो, मग काढलेला सगळा हिशोब नव्याने मांडावा लागेल. नगरपालिकेची परवानगी आणि मंजूर नकाशा तसाही लागणार, त्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. बांधकामाचं कर्ज एकदम मिळत नाही, स्लॅब, प्लास्टर असं टप्प्याने मिळतं, म्हणून स्वतःचे पैसे आधी लागतील हे धरून ठेव. आणि हो, तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या व्याजदराचं घेतलंस तर मुदतीआधी फेडायला दंड नाही. वेतनवाढीचा फरक आला की त्यातून थोडं थोडं मुद्दल कमी करत जा.

देवपूर_सीमा

दादा, जिना बाहेरूनच घ्या, घरातून नको. वडिलांची झोप आणि भाडेकरूची ये-जा दोन्ही सुटी राहतात. मीटर जिन्याखाली लावू नका, पावसाचं पाणी येतं. दर्शनी भिंतीवर छज्जाखाली घ्या. आणि वरच्या मोरीचा पाइप खालच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून नेऊ देऊ नका, बाहेरून न्या, म्हणजे गळला तर कुठे गळतोय ते दिसतं.